आधी खोट, मग भाव

नानांबरोबर बाजारात जायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळायला बघायचे. माणूस भांडखोर नव्हता, आवाजही कधी चढवायचा नाही, पण विकणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता थेट टोपलीच्या तळाशी हात घालायचा. भरताची वांगी घेताना वरची सगळी बाजूला सारून खालचं एक बाहेर काढायचं, नखानं दाबून ते बियांनी भरलंय का ते बघायचं. लुगडं घेताना सगळ्या घड्या मोडायला लावून मधली घडी उजेडात धरायची. काडेपेटीसुद्धा कानाशी हलवून घ्यायची. शिरपूरला माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात, बुंदी वाढायला आलेल्या माणसाला त्यांनी शांतपणे 'परातीच्या तळची वाढ' असं सांगितलं होतं, आणि ती परात मुलाकडच्यांची होती. व्याही हसले, पंगत हसली. नाना हसले नाहीत. ते बुंदी बोटांत चुरून बघत होते.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस पारखायचं काम करायचे. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, नाना आणि आई अहिराणीच बोलायचे, पण मला समजायला लागल्यापासून आमचं घर जळगावातल्या पिंप्राळ्यातलंच, दोन खोल्या, पुढे ओटा आणि वर पत्र्याच्या जिन्यानं जायची गच्ची. हंगामात जिनच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. नाना गाडीवर चढायचे, सदऱ्याची बाही सारायचे आणि कापसात हात कोपरापर्यंत खुपसून मधली मूठ ओढून काढायचे. मग दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, किती लांब सुटतो ते बघायचं, आणि सरकीचा एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल कोरडा, नुसताच चेपला तर कुणीतरी पाणी मारलेलं. एवढं सगळं झालं तरी ते भाव बोलायचे नाहीत. आधी गाडीवाल्याला म्हणायचे, खोट सांग. आपल्या मालात काय कमी आहे ते विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्याचं सांगणं आणि नानांच्या हाताला लागलेलं जुळलं, तर भावात फारसं तोडायचे नाहीत. लपवलं, तर मग दयामाया नाही. ही रीत त्यांनी काढलेली नव्हती, त्यांच्या आधीचे पारखीही तसंच विचारत असत. नानांनी फक्त ती घरी आणली. माझं प्रगतिपुस्तक हातात घेण्याआधी ते विचारायचे, 'खोट सांग.' मी आधीच गणिताचे मार्क सांगून टाकायचे, म्हणजे मार वाचायचा.

त्या हाताला जे कळायचं ते छातीला महाग पडत होतं. जिनमध्ये रुईचा, म्हणजे कापसाच्या बारीक तंतूंचा, भुरका हवेत तरंगत असतो, अंगावर, भुवयांवर, डब्यातल्या भाजीवर बसतो. नाना घरी यायचे तेव्हा पांढरे झालेले असायचे, आणि ओट्यावर बसून खोकायचे. आधी तो खोकला हंगामापुरता होता, मग उन्हाळ्यातही राहायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जिन सोडा, नाहीतर औषध देण्यात अर्थ नाही. नानांना डॉक्टरचाही संशय होता. त्यांचं म्हणणं, याला रोज येणारं गिऱ्हाईक पाहिजे आणि जिनमधला माणूस रोज येऊ शकत नाही. आई त्यांचे सदरे धुताना नळाखाली इतक्या जोरात आपटायची की शेजारच्या ओट्यापर्यंत आवाज जायचा.

मी तेव्हा कॉलेज संपवून एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. क्लास म्हणजे कापड दुकानाच्या माळ्यावरची एक खोली, कूलर लावलेली, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथे मला एक गोष्ट लवकर कळली की माझी बोटं भराभर चालतात. धुळ्याला मोठे शिकवणी वर्ग चालवणारे एक सर होते, त्यांना प्रश्नपत्रिका आणि नोट्स टाईप करून देणारं माणूस हवं होतं. त्यांनी माझं काम बघितलं आणि सांगितलं, घरी स्वतःचं मशीन असेल तर जूनपासून सगळं काम तुझं, मराठी, इंग्रजी, गणित, सगळं. त्या दिवशी मी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. घर माझ्या टायपिंगवर चालू शकेल का, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. म्हणजे नानांनी दिवाळीनंतर जिनमध्ये जायची गरज नाही, असं ती म्हणाली, आणि मग तिनं लाटणं परत उचललं. आमच्याकडे बाजूला टाकलेली एकच रक्कम होती, ती एकदाच खर्च होणार होती, आणि ती नानांच्या हातात होती.

कंपनीचं तयार मशीन घ्यायला ती पुरणार नव्हती. सुटे भाग घेऊन जोडलेलं पुरलं असतं, तेही जपून. मी कागद घेऊन बसायचे आणि एकेक गोष्ट इकडून तिकडे करायचे. रंगीत मॉनिटर घेतला तर प्रिंटर हलका येतो. प्रिंटर चांगला घेतला तर मेमरी निम्मी होते, आणि निम्म्या मेमरीवर मराठी सॉफ्टवेअर रांगत चालतं. शेवटी मी रंगावर पाणी सोडलं. प्रश्नपत्रिकेला रंग कशाला हवेत. प्रोसेसर एक पायरी खालचा, मेमरी पुरती, प्रिंटर सुयांचा खडखड करणारा पण दणकट, आणि हार्ड डिस्क मात्र चांगली, कारण सगळं काम तिच्यावरच राहणार होतं. हे मी नानांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना हार्ड डिस्क म्हणजे काय ते विचारावंसं वाटलं. मी म्हटलं, सगळं जिथे साठतं ते कोठार. ते त्यांना पटलं. कोठार चांगलं पाहिजे म्हणाले.

मग मी एक गाढवपणा केला. क्लासमधली मुलं तेव्हा एकमेकांना घाबरवायला गोष्टी सांगायची, की मुंबईचे लोक चिपवरचा आकडा घासून वर मोठा आकडा छापतात, की काही बोर्डांवर नुसत्या प्लास्टिकच्या चिपा चिकटवलेल्या असतात आणि आत काहीच नसतं. या गोष्टी मी रात्रीच्या जेवणात चवीनं सांगितल्या. आईनं त्या दिवशी फुणके, म्हणजे वाफवलेले डाळीचे मुटके, केले होते, कढीबरोबर. नानांचा घास हातातच राहिला. 'वर आकडा आनि मझार काहीच नही?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असं म्हणतात. त्यांनी घास गिळला आणि समाधानानं मान हलवली. तोवर हे कॉम्प्युटर प्रकरण त्यांना परकं होतं, शिकलेल्यांचं होतं. आता त्यांना कळलं की हाही कापूसच आहे.

पुढचे कित्येक दिवस आम्ही दुकानं पालथी घातली. सगळ्यात आधी एक काचेचं, थंडगार दुकान. टाय लावलेला मुलगा भागांची नावं सांगत होता आणि नाना त्याच्या बुटांकडे बघत होते. त्याचं सगळं सांगून झाल्यावर नानांनी विचारलं, 'याच्यात खोट काय?' मुलाला कळेना. मी समजावलं. तो म्हणाला, काहीच नाही, सगळा माल ए-वन आहे. नाना उठले. दुसऱ्या दुकानात मालकानं चहा मागवला, तो चहा नानांनी घेतला नाही. तिथेही खोट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी मालक चिडला आणि म्हणाला, काका, आम्ही भंगार विकत नाही. नाना जिना उतरताना मला म्हणाले की चिडला म्हणजे याचा माल सगळ्यात वाईट. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. जून जवळ येत होता, आणि आमच्या शहरात एकही प्रामाणिक माणूस उरलेला नव्हता.

माझी नात हल्ली ऑनलाइन काही मागवते आणि खोकं उघडताना दुसऱ्या हातात मोबाईल धरून त्याचं शूटिंग करते. आतून वीट निघाली तर पुरावा पाहिजे म्हणते. नाना असते तर त्यांनी तिला कडेवर घेतलं असतं. आमच्या वेळी त्यांना घरोघर वेडं ठरवलं गेलं, आणि आता सगळं जग खोक्याच्या तळाशी हात घालून बघतंय.

शेवटी आईनं आपल्या भाच्याचं नाव काढलं. प्रमोदभाऊ माझा मामेभाऊ, धुळ्याला राहायचा. डिप्लोमा करून त्यानं नुकतंच भाग जोडून द्यायचं छोटं दुकान टाकलं होतं, मुंबईहून माल आणायचा. आई त्याची फुई, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि फुईच्या घरचं काम म्हणून तो जास्त काही घेणार नव्हता. नानांना नेमकं तेच खटकलं. जो कमी घेतो तो कुठून काढतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात तो सासरकडचा. आईनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग विचारलं, 'मना माहेरना शे म्हनीसन तुमले शक येस का?' नाना म्हणाले तसं काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले.

प्रमोदभाऊचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा होती. त्यानं माझा कागद वाचला, दोन ठिकाणी बदल सुचवले, आणि मला त्याचं म्हणणं पटलं. नानांनी त्यांचा प्रश्न विचारला. प्रमोदभाऊ धुळ्याचाच, त्याच्या घरी शेती, त्यानं आजोबांबरोबर गाडीवर बसून जिनच्या फाटकात दिवस काढलेले. तो लगेच म्हणाला, 'नाना, मॉनिटर वापरेल शे. मुंबईना एक ऑफिसमाईन निंघेल. कोपरामा जरासा पिवळा दिसस. बाकी बठ्ठं नवं शे.' मॉनिटर वापरलेला आहे हे त्यानं विचारताक्षणी सांगून टाकलं. नानांनी खिशात हात घातला. मला वाटलं, सुटलो.

परतीच्या एसटीत त्यांना नवा घोर लागला. खिडकीतून ऊन आत येत होतं, पुढच्या सीटवर केळीचा घड बांधलेला होता, आणि नाना पारोळा येईपर्यंत त्याची तळची केळी चाचपत होते. मग म्हणाले की इतक्या पटकन कुणी खोट सांगत नाही. गाडीवाल्यांची ही जुनी चलाखी आहे, एक कोपरा ओला आहे असं स्वतःहून सांगतात, म्हणजे पारखी तो कोपरा बघतो आणि मधला किडका, कवडी कापूस तसाच जातो. मी चिडून म्हटलं, मग माणसानं करायचं काय, सांगितलं तरी चोर आणि नाही सांगितलं तरी चोर? नाना म्हणाले, बघायचं. दुसरं काय. आणि खोकायला लागले ते एरंडोलपर्यंत.

माल आला तो दिवस मला अजून वासासकट आठवतो. गच्चीवर आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ रटरटत होतं, त्यातला तीळ आणि लसणाचा वास जिन्यानं खाली उतरत होता, आणि शेजारणी ओल्या धोतरावर थापत असताना मोठमोठ्यानं बोलत होत्या. प्रमोदभाऊ रिक्षातून उतरला तेव्हा मॉनिटर त्याच्या मांडीवर होता. पुढच्या खोलीत आम्ही धुतलेली चादर अंथरली आणि त्यानं एकेक खोकं उघडून मांडायला सुरुवात केली. नाना चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. कॅबिनेटमध्ये त्यांनी डोकं घालून बघितलं. बोर्ड हातात घेतला, चिपांवरचे आकडे नखानं खरवडून बघितले, निघाले नाहीत. मेमरीच्या पट्ट्या नाकाशी नेऊन हुंगल्या. प्रमोदभाऊ हसत होता, त्याला राग आला नाही. मग हार्ड डिस्क निघाली. हाताच्या तळव्याएवढी, जड, चारी बाजूंनी बंद, कडेनं चांदीसारखी पट्टी चिकटवलेली.

'येनामझार काय शे?' नानांनी विचारलं.

'ही उघाडता येत नही, नाना,' प्रमोदभाऊ म्हणाला. त्यानं मला सांगावं तसं त्यांना सांगितलं, की आत एक तबकडी फिरते, धुळीचा कण जरी गेला तरी संपलं, कारखान्यातसुद्धा तोंड बांधून जोडतात. पट्टी फाटली की व्यापारी परत घेत नाही. नाना ऐकत होते आणि मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. उघडू नका. आत बघू नका. पट्टी काढली तर परत घेणार नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना असं सांगणारा प्रत्येक माणूस चोर निघाला होता. आणि हे तर कोठार होतं, ज्याच्यावर सगळं राहणार होतं. त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली, आणि चादरीवर ठेवली.

आईनं शेवभाजी केली होती, माहेरच्या माणसासाठी तेलाचा हात सैल सोडून. जेवण झाल्यावर लक्षात आलं की आमच्या भिंतीतल्या प्लगला मशीनची पिन बसत नाही. प्रमोदभाऊ आणि मी विजेचा बोर्ड आणायला चौकातल्या दुकानात गेलो. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. दुकानदार जेवायला गेलेला, त्याची वाट बघावी लागली. प्रमोदभाऊ सांगत होता की हे त्याचं बाहेरगावचं पहिलं काम, हे नीट झालं तर जळगावात त्याचं नाव होईल. परत आलो तेव्हा खोलीत सगळं जसंच्या तसं होतं, डबीसुद्धा. फक्त नाना चादरीपासून लांब, खिडकीशी बसले होते, हातात पेपर घेऊन. प्रमोदभाऊनं जोडायला घेतलं. त्यानं नानांना मुद्दाम एकदोन गोष्टी दाखवल्या, ही वायर इथे, ही तिथे. नानांनी पेपरातून मान वर केली नाही. सकाळपासून ज्यांनी प्रश्नांनी त्या पोराचं डोकं उठवलं होतं, त्यांनी आता एकही प्रश्न विचारला नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बटण दाबलं. पंखा सुरू झाला, एक बारीक शिटी वाजली, पिवळट कोपऱ्याच्या पडद्यावर अक्षरं आली. आई जिन्यात पिठाचे हात धरून उभी राहिली होती. मग आतून आवाज आला, टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. पडद्यावर अक्षरं तिथेच अडकली. प्रमोदभाऊनं बंद करून पुन्हा लावलं, वायर बदलली, पुन्हा टक् टक्. त्यानं डिस्क बाहेर काढली आणि हातात फिरवली. फिरवता फिरवता त्याचं बोट पट्टीवर एका जागी थांबलं. तिथे ती जरा वाकडी बसली होती. हे मी बघितलं, आणि मी बघितल्याचं त्यानं बघितलं. त्यानं लगेच डिस्क पालथी केली. म्हणाला, बसमध्ये धक्का लागला असणार, चूक त्याचीच, मांडीवर मॉनिटर घेतला आणि ही खाली ठेवली. तो दुसरी आणून देईल, आम्हाला काही लागणार नाही.

मला पहिल्यांदा त्याचाच संशय आला, हे कबूल करायला काय हरकत आहे, मी नानांचीच मुलगी. पट्टी आधीच फाटलेली, म्हणजे मालही मॉनिटरसारखा वापरलेला, आणि आता पकडला गेला म्हणून धक्क्याचं नाव. नाना बरोबर होते असं मला वाटलं. मी तसं त्यांच्याकडे बघितलं सुद्धा, की बोला आता. ते पेपरात बघत होते. आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर काळपट तेल होतं, स्क्रू काढल्यावर लागतं तसं.

प्रमोदभाऊ डिस्क फडक्यात गुंडाळत होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि जिन्यातल्या आईनं माझ्या तोंडावरून ओळखलं होतं. फुईच्या घरात, तिच्या हातचं जेवून, तिच्या नवऱ्याला तो काय म्हणणार होता. नानांनी नुसतं गप्प बसायचं होतं. डिस्क फुकटात बदलून आली असती, जूनमध्ये काम सुरू झालं असतं, जिन सुटलं असतं. दुकानाचं नुकसान त्या पोरानं सोसलं असतं, आणि आयुष्यभर तोंड उघडलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणत होते की नाना, गप्प बसा. आज हे लिहितानाही मला आठवतंय, मी अगदी तेच म्हणत होते.

नाना उठले, नळाशी गेले, खोकले, चूळ भरली आणि ओल्या तोंडानं परत आले.

'प्रमोद, तुम्ही बाहेर गयात तव्हय मी ती डबी उघाडी,' ते म्हणाले. 'तुना माल चोख व्हता. खोट मनी शे.'

मी त्यांच्या तोंडून 'माझी खोट' पहिल्यांदा ऐकत होते, आणि वर गच्चीवर शेजारणी हसत होत्या. प्रमोदभाऊ फडकं हातात धरून उभा होता. त्यानं रागानं काही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. त्यानं विचारलं, 'काय निंघनं मझार, नाना?'

'आरसा,' नाना म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की इतका स्वच्छ आरसा त्यांनी कधी बघितला नव्हता, त्यात त्यांना स्वतःचे दात दिसले, आणि धागा ताणायच्या सवयीनं त्यांचा अंगठा आपोआप त्यावरून फिरला. हे सांगताना त्यांनी तो अंगठा आमच्यासमोर धरला. आई खाली आली आणि तिनं पिठाच्या हातांनीच चहा टाकला.

प्रमोदभाऊ अर्धं नुकसान घ्यायला तयार होता. नानांनी ऐकलं नाही. रक्कम संपली होती, आणि नवी डिस्क येणार तर ती हंगामातल्या पगारातूनच. म्हणजे जिन. आई त्यांच्याशी दिवाळीपर्यंत नीट बोलली नाही. मी बोलले, पण जे बोलले ते न बोललेलं बरं. मला राग त्यांनी डबी उघडली याचा होता, आणि त्याहून जास्त त्यांनी तोंड उघडलं याचा. जूनमध्ये मी बिनडिस्कच्या मशीनवर काम सुरू केलं. फ्लॉपी घालायची, काढायची, दुसरी घालायची. इंग्रजी आणि गणिताचे पेपर तेवढे निघायचे. मराठी सॉफ्टवेअर फ्लॉपीवर मावत नव्हतं, म्हणून सरांनी ते काम डिस्क येईपर्यंत दुसऱ्या कुणाला दिलं, आणि माझ्या हातात आलं त्यात घर चालत नव्हतं. दिवाळी झाली, फाटकाबाहेर गाड्या लागल्या, आणि नाना तोंडाला उपरणं बांधून निघाले. तो हंगाम त्यांना फार जड गेला. जिना चढणं बंद झालं. रात्री ते भिंतीला टेकून बसून झोपायचे, आणि पहाटे आई त्यांची पाठ चोळायची. त्यांच्या खोकल्याचा प्रत्येक आवाज मला त्या 'टक्'सारखा ऐकू यायचा.

होळीच्या आसपास आम्ही दोघं पुन्हा धुळ्याला गेलो. एसटीतून उतरल्यावर नाना दर दोन दुकानांनी थांबत होते, पाट्या वाचल्यासारखं करत. जिन्याखालच्या दुकानात प्रमोदभाऊनं त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि नवी डिस्क टेबलावर ठेवली. पट्टी नवीकोरी, चकाकती. तो म्हणाला, नाना, दखी ल्या, बघून घ्या. त्यात टोमणा नव्हता, त्यानं मनापासून म्हटलं. नानांनी हात पुढे केला नाही. ते दम खात होते. त्यांनी प्रमोदभाऊला खोटही विचारली नाही. ते माझ्याकडे वळले.

'तू सांग,' ते म्हणाले. 'चांगली शे का?'

त्यांनी असं कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी डिस्क उचलली. जड होती, गार होती, चारी बाजूंनी बंद होती. आत काय आहे ते मला त्यांच्याइतकंच दिसत होतं. मी म्हटलं, 'हो नाना, चांगली आहे.'

'मंग आते मनं जिन बंद,' ते म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसून उठले. मी ती डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून एसटीत बसले, आणि जळगाव येईपर्यंत एकदाही खाली ठेवली नाही.